दर पावसात लँडलाईन बंद : सॉकेट, बाहेरचा जॉइंट आणि लाईनमनच्या पैशांचा घोळ

गावच्या घरचा लँडलाईन दर पावसात बंद पडायचा, कोणीतरी येऊन चालू करून जायचं, आई दर वेळी वेगळे पैसे द्यायची आणि पंधरा दिवसांनी परत तेच. यंदा गणपतीच्या आधी सुट्टी काढून मी तो प्रकार मुळापासून शोधला आणि त्यानंतर आजपर्यंत फोन एकदाही गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून ठेवतोय. लांबलंय, पण ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत आणि घरात मोबाईलला रेंज नाही त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

घर गुहागर तालुक्यात, रस्त्यापासून खाली खलाटीत, मागे डोंगर, समोर माडांची बाग आणि पलीकडे खाडी. वर सड्यावर मोबाईलला चार काड्या येतात, अंगणात तुळशीपाशी उभं राहिलं तर एखादी, घरात काहीच नाही. आई ७६ वर्षांची, मी नोकरीमुळे चिपळूणला. रात्रीबेरात्री तिला काही झालं तर ओटीवरचा फोन हाच आधार, त्यामुळे ०२३५९ ने सुरू होणारा तो नंबर आमच्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे ज्यांची अशी घरं आहेत त्यांना सांगायला नको.

सुरुवात झाली निसर्ग वादळापासून, ३ जून २०२०. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे जे झालं त्यामानाने आम्ही वाचलो, पण एक माड पोलवरून घरात येणार्‍या वायरवर पडला आणि वायर तुटली. बर्‍याच दिवसांनी माणूस आला, तुटलेली वायर जोडून दिली, फोन चालू झाला, आईने त्याला चहा दिला, वर दोनशे रुपये दिले. पुढच्या पावसात खरखर. दुसरा माणूस आला, ओटीवरचं रोझेट, म्हणजे फोनची पिन लावायची भिंतीवरची डबी, बदललं, साडेतीनशे घेतले. परत खरखर, मग फोन डेड. तिसरा आला तो म्हणाला तुमची घरातली वायर खराब आहे, ती कंपनीत येत नाही, सहाशे होतील. आईने दिले, कारण तिला फोन हवा होता. पावती एकदाही नाही. आणि सहाशे देऊनसुद्धा नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात फोन परत बंद.

मला राग पैशांचा नव्हता, खरं सांगतो. ती माणसं पण बिचारी कंत्राटावर असतात, एकेकाकडे किती गावं असतात, भर पावसात शेवाळलेल्या पोलवर चढतात. पण बिघाड घरातला की बाहेरचा हे कोणी तपासून दाखवलंच नव्हतं, आणि पैसे द्यायचे की नाही हे सगळं त्या एका गोष्टीवर ठरतं. ती गोष्ट आपली आपल्याला तपासता येते, लाईनमन यायच्या आधीच. ती कशी तपासायची तेवढ्यासाठीच हे लिहितोय.

आधी फोन काय म्हणतोय ते नीट ऐका. "फोन बंद आहे" ही तक्रार नुसती अशी लिहून काही उपयोग नाही. सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे कोणालातरी बाहेरून मोबाईलवरून आपल्या लँडलाईनला रिंग करायला सांगा. मी शेजारच्या तात्यांच्या नातवाला सड्यावर पाठवला. समोरच्याला रिंग जातेय असं ऐकू येतं पण आपल्याकडे वाजत नाही, तर बहुतेक वेळा वायर कुठेतरी तुटलीय किंवा रोझेटमधून सुटलीय. समोरच्याला सारखा एंगेज येतोय आणि आपण तर रिसीव्हर ठेवलेला आहे, म्हणजे दोन तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्यात किंवा मधे पाणी गेलंय आणि एक्सचेंजला वाटतंय की आपण फोन उचललाय. एक रिंग वाजते आणि लगेच थांबते, हाही ओलाव्याचाच प्रकार, रिंग सुरू झाली की गळतीमुळे एक्सचेंजला वाटतं फोन उचलला. पाऊस आला की खरखर आणि दोन दिवस ऊन पडलं की आपोआप बरा, तर डोळे मिटून समजा की कुठल्यातरी जॉइंटमधे पाणी आहे. दुसर्‍या कोणाचं बोलणं पुसट ऐकू येत असेल तर ते डीपीत (बाहेर जिथून घराघरांच्या वायरी फुटतात तो डबा) किंवा केबलमधे आहे, तिथे आपल्या हातात काही नाही, घरातलं वायरिंग उघडत बसू नका. आणि ज्यांचं नेट त्याच तांब्याच्या लाईनवर आहे त्यांनी हे ध्यानात ठेवा की दोनपैकी एक तार तुटली तरी कधीकधी नेट रडतखडत चालू राहतं, तेव्हा "नेट चालतंय म्हणजे लाईन ठीक आहे" हे कोणी फोनवर सांगितलं तर ऐकू नका. मोडेम बंद केल्यावर खरखर जात असेल तर मात्र स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी) बदला, तो स्वस्त असतो आणि बरेचदा तोच गेलेला असतो.

कॉर्डलेस वापरत असाल तर साधा तारेचा फोन लावून बघितल्याशिवाय तक्रार करू नका. कॉर्डलेसची बॅटरी दोनतीन वर्षांत बसते आणि माणसं लाईनला शिव्या देतात. एक साधा फोन घरात ठेवाच.

आणखी एक, बिघाड नसतोच असा प्रकार. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लावावं लागतं. आमच्या वाडीत एका आजींचा फोन "बिघडला" म्हणून त्यांनी माणूस बोलावून पैसे दिले होते, इनकमिंग व्यवस्थित येत होतं, फक्त मुलाला लागत नव्हता. शून्य लावल्यावर लागला. म्हातार्‍या माणसांच्या फोनच्या डायरीत प्रत्येक मोबाईल नंबराच्या आधी पेनने मोठा शून्य काढून ठेवा.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, महाग लागत नाही. डीसी व्होल्टच्या दोनशेच्या खुणेवर ठेवून दोन तारांवर टेकवायचा, सगळे फोन काढलेले पाहिजेत. लाईन चांगली असेल तर ४८ च्या आसपास व्होल्ट दिसतात, थोडं इकडेतिकडे चालतं. फोन लावून रिसीव्हर उचलला की तेच खाली येऊन साधारण ६ ते १२ च्या मधे थांबतात. हे व्होल्ट एक्सचेंजमधल्या बॅटर्‍यांवरून येतात, म्हणून गावात लाईट नसली तरी तांब्याचा फोन चालतो. हात लावला तर एरवी जाणवत नाही, पण त्याच वेळी रिंग आली तर ती साधारण ७५ व्होल्ट एसीची असते, चांगला झटका बसतो, ओल्या हाताने तर नकोच. आणि विजा चमकत असताना रोझेटजवळ जाऊ नका, बोलूही नका, वायर पोलावरून उघड्यावरून येते. पावसाच्या सुरुवातीला आणि शेवटी आमच्याकडे गडगडाट जास्त, तेव्हा हे काम ठेवा बाजूला.

आमच्या ओटीवरच्या रोझेटला पाऊस पडत असताना ३१ व्होल्ट दाखवत होते आणि आकडा सारखा वरखाली नाचत होता. रोझेट उघडलं, आत सगळं कोरडं, नवं, चकचकीत. म्हणजे साडेतीनशे रुपये देऊन बदललेलं रोझेट मुळात खराब नव्हतंच.

मग वायर धरून मागे मागे गेलो. ओटीवरून पडवीत, पडवीत वाशाला ठोकलेली जुनी लाकडी पट्टी, त्यावर एक जॉइंट. बाहेरची वायर तिथे येते आणि तिथून दोन वायरी निघतात. एक ओटीवर. दुसरी कुठे जाते ते मला पहिल्यांदा उमगेना, मग आठवलं, बाबा होते तेव्हा त्यांनी माडीवरच्या खोलीत एक्स्टेंशन घेतलं होतं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, ती खोली बंद, फोन कधीच काढून टाकलेला, पण सॉकेट भिंतीवर आणि वायर जिवंत. आलेल्या एकाही माणसाला आईने ते सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

माडीवर गेलो. त्या कोपर्‍यावर एक कौल सरकलेलं, खालची चिर्‍याची भिंत ओलीगच्च, जांभा दगड पाणी कसा पितो हे आपल्याकडे सांगायची गरज नाही. सॉकेटचं फोनची पिन जायचं भोक मातीने लिंपलेलं. कुंभारीण. स्क्रू काढून झाकण उघडलं तर आत माशीचं मातीचं घर, अर्धं भिजून चिखल झालेला, त्यात तिने पिल्लांसाठी कोंबलेले वाळके कोळी. नखाने माती काढली आणि खाली दोन स्क्रू दिसले. एक जवळजवळ जसाच्या तसा, फक्त काळपटलेला. दुसरा हिरवा, पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तो हिरवा, आणि त्याच्याखालची तांब्याची तार बोट लावल्यावर पावडर होऊन खाली पडली. माझा हात तिथे थांबलाच जरा, कारण इतकी वर्षं ओटीवर शोधतोय आणि दुखणं वर बंद खोलीत.

एकच तार का खाल्ली जाते त्याचं कारण आहे. टेलिफोनच्या बॅटरीची धन बाजू एक्सचेंजमधे जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे दुसरी तार उणे ४८ वर असते. दोघींच्या मधे खारट ओलावा आला की मुलामा देताना जे होतं तेच सुरू होतं आणि धन बाजूच्या तारेचं तांबं विरघळत जातं. समुद्राजवळ हवेतच मीठ आहे, खिडकीचे गज खातं तसंच हे. म्हणून तुम्ही सॉकेट उघडलंत आणि एकच बाजू हिरवी दिसली तर ते "जुनं झालं" म्हणून नाही, तिथे ओल येतेय आणि ती ओल बंद केल्याशिवाय नवं सॉकेट लावलं तरी तेही जाईल.

मी पडवीतल्या पट्टीवर माडीची वायर सोडवली. मीटर ३१ वरून ४४ वर गेला. आई खालून म्हणाली, "झालं का रे?" मी म्हटलं झालं, आणि संध्याकाळी सर आली आणि परत खरखर. कमी होती, पण होती.

आता इथे खरी युक्ती. माझी मावसबहीण इंग्लंडात असते, तिच्याशी बोलताना ती म्हणाली त्यांच्याकडे घरात पहिलं जे मास्टर सॉकेट असतं त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला दोन स्क्रू असतात. तो भाग पुढे ओढला की घरातलं सगळं वायरिंग लाईनपासून सुटतं आणि आत एक टेस्ट सॉकेट दिसतं. तिथे फोन लावायचा. तिथे चालला तर बिघाड घरातल्या वायरिंगचा, तो आपला खर्च. तिथेही नाही चालला तर बाहेरचा, तो कंपनीचा. तिकडे इंजिनिअर बोलावताना आधी हेच करून बघायला सांगतात, कारण तो आला आणि बिघाड घरातला निघाला तर फेरीचे पैसे लागू शकतात, आणि तिकडचे पैसे म्हणजे आपल्या महिन्याच्या किराण्याएवढे होतील.

आपल्या रोझेटमधे अशी सोय नाही, पण करता येते. मी ओटीची वायरसुद्धा सोडवली, म्हणजे आता घरातलं काहीच लाईनला लागलेलं नाही, आणि बाहेरून आलेल्या दोन तारांवर एक सुटं रोझेट लावून थेट फोन लावला. धो धो पाऊस चालू, कानात खरखर. संपला प्रश्न. घरातलं एक इंच वायर जोडलेलं नसताना खरखर आहे म्हणजे ती घरातली असूच शकत नाही. मोबाईलवर व्हिडिओ घेतला, त्यात सुटलेल्या वायरी, लावलेला फोन आणि स्पीकरवरची खरखर सगळं एका फ्रेममधे.

मग छत्री घेऊन बाहेर उभा राहिलो आणि वायर बघत बसलो. वादळानंतर जोडलेला जॉइंट भिंतीपासून दीडेक फुटावर, पिळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेली. वायरला तिथेच झोळ आणि वरची कौलाची पागोळी अगदी नेमकी त्या टेपवर पडत होती. टेप बाहेरून ठीक दिसते, पण आपल्याकडच्या मेच्या उन्हात तिचा गोंद पाघळतो, मग पाणी आत जातं आणि त्याच टेपमुळे बाहेर पडत नाही. ऊन पडलं की चार दिवसांनी वाळतं, म्हणून फोन आपोआप बरा व्हायचा आणि ज्याने शेवटी हात लावला त्याने दुरुस्त केला असं वाटायचं. दोनशे, साडेतीनशे, सहाशे सगळे असेच गेले.

त्या जॉइंटला मी हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. ती वायर कंपनीची, आपण खोललं तर उद्या तेच म्हणणार की तुम्हीच बिघडवलंत. फक्त फोटो काढले.

तक्रार नोंदवताना मी शब्द नेमके वापरले : घरातलं सगळं वायरिंग सोडवून आलेल्या वायरवर थेट फोन लावून बघितला, तरी खरखर आहे, पावसात व्होल्ट कमी होतात, भिंतीबाहेरच्या जॉइंटवर पाणी पडतंय. समोरच्या मुलीला ते तसंच लिहून घ्यायला सांगितलं आणि परत वाचून घेतलं. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतला. हा नंबर देणं कंपन्यांना बंधनकारक आहे, ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत ते आहे, आणि तक्रार नीट सुटली नाही तर त्याच नंबरावर ३० दिवसांच्या आत कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं, त्याला फी नाही. डॉकेट नंबर नसेल तर तुमची तक्रार झालीच नाही असं समजा. ओळखीच्या लाईनमनला परस्पर मोबाईलवर सांगून बोलावणं सोयीचं वाटतं, मीही तेच करायचो, पण मग तो पैसे मागतो ते कशाचे हे विचारायला आपल्या हातात कागद काहीच राहत नाही.

मग त्याच कॉलवर पैशांचं विचारलं. सरळ विचारा, लाजू नका. माणूस नुसता येऊन बघण्याचे पैसे आहेत का, बिघाड बाहेरचा निघाला तर काही द्यावं लागेल का, घरातला निघाला तर किती आणि वायर मीटरवर लावणार की अंदाजाने, आणि पैसे रोख द्यायचे की बिलात लागतात. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "बिलात लावा" असं म्हटलं की गोष्ट कागदावर येते, त्यावर १८ टक्के जीएसटी लागेल, लागू दे, पण ते कशाचे आहेत ते लिहिलेलं राहतं आणि चुकीचे लागले तर भांडता येतं. रोख दिलेल्या सहाशेबद्दल मी कोणाशी भांडणार? मला सांगितलं की बाहेरच्या दुरुस्तीला काही नाही. ते वाक्य मी तारीख वेळेसकट वहीत लिहून ठेवलं.

तिसर्‍या दिवशी माणूस आला, नवीन मुलगा होता, सांगली बाजूचा. मी व्हिडिओ दाखवला, फोटो दाखवले, पडवीत सोडवलेल्या वायरी दाखवल्या. त्याने शिडी लावली, जॉइंट उघडला आणि टेपमधून अक्षरशः पाणी गळलं. खराब झालेला दोनेक फूट तुकडा कापून टाकला, पोलाकडची वायर ओढून पडवीच्या आत घेतली, म्हणजे आता जॉइंट पावसात नाहीच, आणि जोड जेली भरलेल्या कनेक्टरने दिला, तो बटणासारखा दाबायचा असतो, त्यात पाणी जात नाही. भिंतीत शिरायच्या आधी वायरीला खाली एक वळसा सोडला, पाणी वायरीवरून चालत येतं ते त्या वळशाच्या तळाशी टपकून जातं, भिंतीत येत नाही. हा वळसा तुमच्याकडे आहे का ते आजच बघा, टीव्हीच्या डिशला, इन्व्हर्टरच्या वायरला, सगळ्याला लागतो. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाहिजे, आतल्या बाजूला उतरतं नको.

पैसे काढायला गेलो तर म्हणाला नको, हे आमचंच आहे. आणि म्हणाला, "काका, लोकांनी एवढं बघून ठेवलं ना तर माझा अर्धा दिवस वाचतो, मी प्रत्येक घरात कोडं सोडवत बसतो." त्याला जेवायला थांबवला, आईने घावणे केले होते.

घरातलं मी स्वतः केलं, ते आपलंच काम. पडवीत जिथे लाईन आत येते तिथे एक रोझेट लावलं, प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर, चिर्‍याला थेट न टेकवता लाकडी गुटक्यावर. बाहेरची लाईन फक्त त्या रोझेटला. आणि तिथून ओटीकडे जाणारी वायर स्क्रूने न जोडता पिनने जोडली, म्हणजे पिन उपटली की घर सुटलं आणि त्याच भोकात साधा फोन लावला की टेस्ट झाली. मावसबहिणीच्या मास्टर सॉकेटचं काम आमच्या पडवीत झालं. पिनमधल्या मधल्या दोन तारा कामाच्या असतात, त्या दोन स्क्रूंना जायला हव्यात, उलटसुलट झाल्या तरी आजचे फोन चालतात. तारेची टोकं नवीन सोलून घ्या, काळी पडलेली तार पुन्हा पिळू नका, कापून मागून नवं तांबं काढा. स्क्रू आवळल्यावर वर किंचित व्हॅसलिन लावा, खारी हवा अडते. खोबरेल लावू नका, मुंग्या येतात, आमच्या एका शेजार्‍यांनी लावलं होतं आणि रोझेटमधे वारूळच झालं. भोकं वापरात नसतील तर टेपचा तुकडा लावून बंद करा, नाहीतर कुंभारीण आहेच.

माडीवरची वायर कायमची सोडवली. सॉकेट भिंतीवर राहू दिलं, आईला ते काढायचं नव्हतं.

सामानाला सगळं मिळून अडीचशेच्या आत गेलं, मीटर सोडून.

भाड्याचं विसरू नका. फोन तीन दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला तर भाड्यात सूट द्यायची तरतूद ट्रायच्या २००९ च्या सेवा गुणवत्तेच्या नियमांपासून आहे. त्यासाठीच तक्रारीची तारीख आणि चालू झाल्याची तारीख दोन्ही लागतात. मी ती सूट बिलात लागली का बघितलं, नव्हती, डॉकेट नंबर टाकून मेल केला, पुढच्या बिलात आली. रक्कम लहान होती, पण ती आईच्या हक्काची होती.

आता फायबरवाल्यांसाठी, कारण हळूहळू सगळीकडे तांबं काढून फायबर टाकतायत, ब्रिटनमधे तर जुनी तांब्याची सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय. आमच्या वाडीतही चार घरांत झालं. फायबरला गंज नाही, ओल नाही, ही मोठी गोष्ट. पण फोन ओएनटीच्या डब्यातून (घरात फायबर जिथे येऊन जोडली जाते तो डबा) चालतो आणि त्याला घरची लाईट लागते. लाईट गेली की फोन गेला, आणि आपल्याकडे पावसात लाईट दोन दोन दिवस नसते, तौक्ते वादळाच्या वेळी मे २०२१ मधे मालवण देवगडकडच्या लोकांना विचारा. तेव्हा ओएनटीच्या ॲडाप्टरवर लिहिलेल्या व्होल्टचा छोटा यूपीएस घेतल्याशिवाय म्हातार्‍या माणसांचं तांबं काढू देऊ नका. डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला तर प्रकाशच येत नाही, म्हणजे बाहेर वायर तुटलीय किंवा आतली पिवळी पातळ वायर दुमडलीय. वांदरं केबलवर झोके घेतात आणि खारी कुरतडतात, बहुतेक वेळा तेच असतं. दिवा लाल नाही, नेट चालू आहे आणि फक्त फोन बंद आहे तर फोनची पिन ओएनटीच्या फोनच्याच भोकात आहे ना ते बघा, नेटचं भोक त्याच्यासारखंच दिसतं. आणि पैशांचं इथेही तेच, लाल दिव्याचा फोटो वेळेसकट काढून ठेवा, आतली वायर दुमडलेली नाही याचाही, मग "तुमच्याकडूनच तुटली" असं कोणी म्हणू शकत नाही.

आईसाठी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या वर लावलंय. खरखर आली की पडवीतली पिन काढ, साधा फोन लाव, ऐक. तिथेही खरखर असेल तर शेजारून मला फोन कर आणि कोणालाही पैसे देऊ नकोस. तिथे स्वच्छ असेल तर घरातलं आहे, मी येतो. तिने एकदा करून दाखवलं मला, चष्मा लावून, पिन जरा घट्ट होती पण जमलं.

मृगाच्या आधी, मेच्या शेवटी, दर वर्षी तो डबा उघडून स्क्रू बघायचे, पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या मोठ्या सरीत मीटर लावून आकडा डब्याच्या झाकणाच्या आत पेन्सिलने लिहायचा. यंदाच्या गणपतीतल्या सरीत ४९ होता. माडीवरचं ते सरकलेलं कौल मात्र अजून बदलायचंय, पाऊस थांबला की.